कॅमेऱ्याचा तिसरा डोळा

आमच्या घरच्या आल्बमात एक फोटो आहे. तो पाहून पाहुणे हसतात आणि घरचे गप्प बसतात. लाँचच्या बाकावर एक म्हातारी बसलेली आहे. अंगावर नऊवारी लुगडे, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका, तोंडावर चक्क हसू. डोळे आहेत, नाक आहे. पण भुवयांच्या वर काही नाही. कपाळ नाही, केस नाहीत, डोक्यावरून घेतलेला पदर नाही. तिथे फोटोच संपतो. आणि खाली मांडीवर, कोणी मुद्दाम मांडून ठेवावा तसा, एक पितळी डबा!

ही माझी आजी. तिचा समोरून काढलेला हा एकुलता एक फोटो.

फोटो काढला तो माझ्या वडिलांनी. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. साल १९६५, महिना जानेवारी, ठिकाण भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली लाँच. फोटो काढला की आयुष्य घटते, असे आजीचे ठाम मत होते आणि ते तिने सत्तर वर्षे पाळले होते. पण त्या दिवशी स्वारी खुशीत होती. माहेरी चौलला निघाली होती, आणि तीही समुद्रावरून. १९४७ च्या जुलैत रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली, तेव्हापासून आजीने त्या पाण्यावर पाऊल ठेवले नव्हते. अठराएक वर्षांनी ती लाँचमध्ये बसली, वारा लागला, भीती गेली, आणि अण्णांकडे पाहून म्हणाली, “काढ रे एकदाचा, काय काढायचा तो!”

अण्णांनी काढला. त्याच वर्षी श्रावणात आजी गेली.

त्या फोटोवरून घरात जे झाले ते सांगण्यासारखे नाही, पण थोडे सांगते. अण्णांनी आधी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्टुडिओवाल्याशी भांडण काढले. कॉपी काढताना त्यानेच वरचा भाग उडवला, असा त्यांचा समज. त्या भल्या माणसाने निगेटिव्ह उजेडासमोर धरून दाखवली; डोके तिच्यातही नव्हते. मग काकांचे मत पडले की लाँच हलली. आईचे मत, लाँच नव्हे, अण्णांचा हात हलला. अण्णा मात्र अखेरपर्यंत, म्हणजे १९९८ पर्यंत, एकच सांगत राहिले : “मला आई पुरती दिसत होती. पदराच्या काठासकट. आणि तो डबा मला दिसतच नव्हता.” डब्याचे हे शेपूट ऐकले की आम्ही मुले तोंड फिरवून हसत असू. म्हातारपणी माणूस काहीही बोलतो, नाही का?

गेल्या वर्षी कपाट आवरताना तो कॅमेरा हाती लागला. कातडी पेटी, तिला शेवाळी वास, आणि आत झोर्की-४. तरुण वाचकांना हे नाव नवे असेल. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ ते १९७३ या काळात हे मॉडेल निघत होते. पवईच्या आय.आय.टी.त अण्णांची नोकरी होती. १९५८ साली युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर ती संस्था उभी राहिली, तेव्हा तिथे रशियन तज्ज्ञांची ये-जा असे. त्यांतले एक गृहस्थ मायदेशी परतताना अण्णांनी त्यांच्याकडून हा कॅमेरा दोन भिंगांसह घेतला. परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर त्या काळी कडक निर्बंध होते. सामान्य घरात कॅमेरा असलाच तर बडोद्यात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री असायचा. त्यामुळे झोर्कीचा थाट आमच्या चाळीत देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामासारखा होता. मुलींनी तर हातच लावायचा नाही. “आधी चावी, मग आकडा” हा अण्णांचा मंत्र मात्र मला लांबून ऐकून पाठ झाला होता. फिल्म पुढे सरकवून शटर चढवल्याशिवाय झोर्कीचा वेग बदलू नये. बदलला तर आतले यंत्र बिघडते.

‘झोर्की’ या रशियन शब्दाचा अर्थ तीक्ष्ण नजरेचा, हे मला फार उशिरा कळले.

पेटीच्या तळाशी, मलमलीच्या फडक्यात, आणखी एक वस्तू होती. काळ्या धातूचा छोटा डबीसारखा ठोकळा, पुढे फिरती चकती, चकतीवर पाच बारकी भिंगे, मागे डोळा लावायचे एक भोक आणि खाली कॅमेऱ्याच्या माथ्यावर सरकवून बसवायचा पाय. हा जोड-व्ह्यूफाइंडर. हा लेख त्याच्याविषयी आहे, आणि अण्णांचा उलगडाही त्यातच आहे.

झोर्की हा रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा. या जातीत फोटो एका भिंगातून उमटतो आणि माणूस पाहतो दुसऱ्याच खिडकीतून. खिडकीच्या मधोमध एक फिकट ठिपका असतो, त्यात समोरची वस्तू दुहेरी दिसते. भिंगाचे कडे फिरवत जावे, दोन प्रतिमा सरकत सरकत एकावर एक बसल्या की अंतर बरोबर जुळले. भर उन्हात किंवा तिन्हीसांजेला, चष्मेवाल्यालाही हे झटकन साधते. पण झोर्कीची खिडकी दाखवते ती फक्त ५० मिलिमीटरच्या भिंगाचे क्षेत्र. तुम्ही ३५ चे रुंद भिंग चढवले तर फोटोत जास्त येणार आणि खिडकीत मात्र तेवढेच दिसणार. आपण कोपऱ्यातल्या मामांना वगळले म्हणून निश्चिंत असावे आणि मामा फोटोत हजर! म्हणून हा माथ्यावरचा तिसरा डोळा. चकती फिरवायची, २८, ३५, ५०, ८५, १३५ यांपैकी ज्या आकड्याचे भिंग कॅमेऱ्यावर असेल तो आकडा खटक्यावर आणायचा, आणि मग त्या भोकातून पाहायचे. अंतर एका खिडकीत जुळवायचे, चौकट दुसरीत पाहायची. एवढ्यात समोरचे मूल उठून पळते, हा भाग वेगळा.

ही कल्पना रशियनांची नव्हे. पाच भिंगांची चकती ही जर्मनीतल्या झाइसची करामत. क्रास्नोगोर्स्ककरांनी तिची नक्कल केली. लाइट्झ कंपनीचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याला अंतर मोजायची सोय अंगची नव्हती. ती १९३२ च्या मॉडेलात आली. त्यानंतर भिंगे वाढत गेली आणि प्रत्येक भिंगाबरोबर माथ्यावरचा एकेक दर्शकही. लाइट्झने या प्रत्येकाला पाच अक्षरांचे विचित्र नाव दिले होते : एस-बी-ओ-ओ-आय, व्ही-आय-ओ-ओ-एच. मंत्रतंत्र वाटावा असा हा प्रकार, पण हेतू तारेने मागणी पाठवताना शब्द वाचवण्याचा. यांतल्या पहिल्या दर्शकात वस्तू खऱ्या आकाराएवढीच दिसते. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहावे, तर हवेत तरंगणारी एक चमकती चौकट जगावर ठेवल्यासारखी वाटते. असा दर्शक मी एकदाच, दुसऱ्यांच्या हातून घेऊन पाहिला आहे. अजून विसरले नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हा तिसरा डोळा भिंगाच्या वर असतो. आमच्या झोर्कीवर मी पट्टी लावून मोजले, भिंगाच्या मध्यापासून दर्शकाच्या मध्यापर्यंत सुमारे ७ सेंटिमीटर. दोघेही सरळ समोर पाहत असतील, तर दर्शकाला जे दिसते त्याहून भिंगाला ७ सेंटिमीटर खालचे दिसते. हे ७ सेंटिमीटर कुठेही गेलात तरी तेवढेच राहतात. बदलते ती चौकट. ३५ च्या भिंगाने दहा मीटरवरचा फोटो काढला तर चौकटीत जवळजवळ सात मीटर उंचीचे दृश्य मावते. त्यात ७ सेंटिमीटर म्हणजे शंभरावा हिस्सा, कोणाच्या लक्षातही येणार नाही. अर्ध्या मैलावरचा किल्ला घ्या, मग तर हिशेबच नको. पण माणूस एका मीटरवर येऊन बसला की चौकट उरते अवघी ६९ सेंटिमीटरची. त्यातले ७ गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि तो जातो वरून. बसलेल्या माणसाचे वरचे ७ सेंटिमीटर म्हणजे काय, हे आमच्या आल्बमात पाहावे. इंग्रजीत याला पॅरॅलॅक्स म्हणतात. डोळ्यासमोर बोट धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटला की बोट उडी मारते आणि लांबचे झाड जागचे हलत नाही, तोच हा प्रकार.

कारखानदारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. आमच्या दर्शकाच्या पायाशी एक खिट्टी आहे आणि तिच्यापाशी मीटरचे आकडे कोरले आहेत. जवळच्या आकड्याकडे खिट्टी सरकवली की दर्शक किंचित खाली मान घालतो आणि भिंग पाहते तिथेच पाहू लागतो. दुसऱ्या टोकाला आडवा आठ आहे, म्हणजे अनंत. तेव्हा रीत अशी : रेंजफाइंडरने अंतर जुळवा, भिंगाच्या कड्यावर तो आकडा वाचा, तोच आकडा खिट्टीवर आणा, मग दर्शकातून पाहा. कॅमेऱ्याला अंतर कळलेले असते, माथ्यावरच्या डोळ्याला ते कोणी सांगत नाही. ते सांगायचे आपल्या हाताने. १९५४ साली लाइट्झने एम-३ कॅमेरा काढला, त्यात भिंग फिरवले की खिडकीतली चौकट आपोआप सरकत असे. आणि १९५९ च्या निकॉन एफ पासून आरशाच्या कॅमेऱ्यांचा जमाना आला. त्यात माणूस भिंगातूनच पाहतो, मग प्रश्नच मिटला. आपल्या खिशातला फोनही भिंगाला दिसते तेच काचेवर दाखवतो. आमच्या झोर्कीला मात्र खिट्टीवाचून गत्यंतर नाही.

कपाटातून निघाला तेव्हा दर्शकाची खिट्टी आडव्या आठावर होती. त्यावरून काही सिद्ध होत नाही. साठ वर्षांत कोणाचा तरी हात लागलाच असेल. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला तो वळवळला.

कॅमेरा एका जुन्या कारागिराकडून साफ करून घेतला. भिंगाला थोडी बुरशी होती. कोकणकिनाऱ्याची हवा लागलेल्या भिंगाला ती धरतेच. ज्यांच्या घरी असे कॅमेरे आहेत त्यांनी ते कातडी पेटीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत. मग मुलगी, जावई आणि आठ वर्षांचा नातू यांना घेऊन अलिबाग गाठले. कॅमेऱ्याबरोबर शिवणाची टेप घेतली आणि तो पितळी डबाही. होय, तो अजून आमच्याकडे आहे, आणि त्यात अजून डिंकाचे लाडूच ठेवतात.

अलिबागच्या किनाऱ्याइतकी या प्रयोगाला सोयीची जागा दुसरी सापडायची नाही. समोर समुद्रात कुलाब्याचा किल्ला, शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला. (१९८१ पर्यंत साऱ्या जिल्ह्यालाच कुलाबा म्हणत, रायगड हे नाव नंतरचे.) ओहोटीला चालत जाता येते, भरतीला नाही. म्हणजे एकाच जागी उभे राहून अनंतावरचा किल्लाही मिळतो आणि पायाशी शिंपले वेचणारे पोरही.

नातवाला वाळूत मांडी घालून बसवले. टेपेने बरोबर एक मीटर अंतर मोजले. डबा मांडीवर दिला. दर्शकात त्याच्या टोपीचा गोंडा वरच्या कडेला टेकेल आणि डबा खालच्या कडेबाहेर जाईल अशी चौकट धरली. पहिला फोटो खिट्टी आडव्या आठावर ठेवून काढला, दुसरा खिट्टी एक मीटरवर आणून आणि चौकट पुन्हा तशीच जुळवून. “आजी, तू दोनदा तोच फोटो का काढतेस?” असे त्याने विचारले. त्याच्या आईच्या फोनमध्ये एका मिनिटात तीस निघाले असते, हे त्याने वर ऐकवले.

मग पाणी उतरलेले होते म्हणून किल्ल्यात गेलो. तिथल्या तटाचे मोठाले दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरून जिरते, तटाला धक्का बसत नाही. १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेल्या सिद्धिविनायकाचे दर्शन घेतले. तटावर दोन इंग्रजी तोफा गाड्यांसकट उभ्या आहेत, तिथे जावई आणि मुलगी यांना उभे करून लांबून चांगले चार फोटो घेतले. रोल धुतल्यावर पाहते तो चारही फोटोंत आभाळ भरपूर आणि दोघांचे पाय घोट्यापासून गायब! नातवाच्या फोटोनंतर खिट्टी मी एक मीटरवरच विसरले होते. मान घातलेला दर्शक लांबचे पाहताना खालचे दाखवतो, भिंग पाहते वरचे. अण्णांच्या चुकीच्या अगदी उलट चूक, आणि तीही चूक शोधायला गेले असताना. जावयांनी काही म्हटले नाही. मोठे सौजन्य.

ज्यांच्या दर्शकाला खिट्टीच नाही त्यांचे काय, असे कोणी विचारील. चमकत्या चौकटीच्या बहुतेक दर्शकांत वरच्या रेषेखाली दोन तुटक खुणा असतात. माणूस जवळ असला तर डोके त्या खुणांच्या खाली ठेवावे. खुणाही नसतील तर जुनी युक्ती : चौकट जुळली की कॅमेरा न वाकवता तसाच चार बोटे वर उचलावा, म्हणजे डोळा होता तिथे भिंग येते. आणि उभा फोटो घ्यायला कॅमेरा आडवा केला असेल तर डोके वाचते, पण एक कान जाण्याचा संभव असतो.

रोल भाच्याने घरीच न्हाणीघरात धुतला. ओली फिल्म दोरीवर वाळत असतानाच मी भिंग घेऊन उभी राहिले. खिट्टी एक मीटरवर होती तो फोटो दर्शकात दिसला होता तस्सा : गोंडा वर टेकलेला, डब्याचा पत्ता नाही. आडव्या आठाच्या फोटोत टोपी नाही, कपाळ नाही. चौकट भुवयांवर संपते. आणि खाली मांडीवर, मला दर्शकात मुळीच न दिसलेला, पितळी डबा. झाकणाच्या कडीसकट.

मी आल्बम काढून शेजारी ठेवला. साठ वर्षांचे अंतर आणि पोरगा व म्हातारी एवढाच काय तो फरक.

तेव्हा अण्णांना आजी पुरती दिसत होती, हे खरे. डबा दिसत नव्हता, हेही खरे. आईने ही गोष्ट शांतपणे ऐकली. ती आता नव्वदीच्या पुढे आहे. म्हणाली, “मग हात हलला नव्हता म्हणायचा.” जरा वेळाने पुन्हा म्हणाली, “तीस वर्षे टोमणे मारले ग मी त्यांना.”

मूळ निगेटिव्ह अण्णांनी जपून ठेवल्या होत्या, सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या, प्रत्येकीला बटरपेपरचे पाकीट. ती पट्टी मी उजेडात धरली. कडेला छापलेल्या आकड्यांवरून क्रम लागतो. अकराव्या चौकटीत घारापुरीचा डोंगर आहे, बाराव्या चौकटीत करंजाचा. दोन्ही रुंद भिंगाने, दोन्ही अनंतावर. खिट्टी आडव्या आठावर असणार आणि तिथेच असायला हवी होती. तेवढ्यात आजी “काढ रे” म्हणाली. ती दुसऱ्यांदा म्हणेल याची खात्री नाही, हे अण्णांना पक्के ठाऊक. अंतर मात्र त्यांनी त्या घाईतही बरोबर जुळवले आहे. डोळ्यांच्या पापण्या मोजता येतात. राहिली ती खिट्टी. तेरावी चौकट तुम्हाला ठाऊकच आहे.

चौदावी आल्बमात लावलेली नव्हती. तिची कॉपी मी आता पहिल्यांदा काढून घेतली. रेवसचा धक्का आहे. काका पुढे होऊन हात देत आहेत आणि आजी लाँचमधून उतरते आहे, पाठमोरी. अंतर वीसएक फूट असेल. काखेत डबा आहे आणि डोक्यावरचा पदर काठासकट पुरता आला आहे.